गेममध्ये घोडबंदर रोड मोकळा केला, आता खऱ्याचं बघा

कासारवडवलीकर (धागाकर्ता), सोमवार सकाळी ९.१०

सध्या बसमध्ये उभा आहे. मानपाडा सुटून वीस मिनिटं झाली, कापूरबावडीचा पूल अजून दिसलेला नाही. तेवढ्या वेळात धागा लिहून होईल असं वाटतंय.

गेले तीन महिने रात्री जेवणं आटोपली की मी सिटीज: स्कायलाइन्स खेळतो. पहिला, २०१५ चा. २०२३ मध्ये आलेला दुसरा भाग लावला तर लॅपटॉपचा पंखा असा ओरडतो की बायको झोपेतून उठून विचारते, गिरणी कोणी चालू केली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रिकामी जमीन मिळते, थोडे पैसे मिळतात. रस्ते टाकायचे, पाणी, वीज, कचरा बघायचा. लोक राहायला येतात आणि मग ट्रॅफिक जाम होतो. गोळ्या घालणं नाही, जिंकणं नाही.

मी त्यात आमचीच पट्टी बनवली. एका अंगाला येऊरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी, मधून एकच रस्ता आणि टोकाला गायमुखचा घाट. पहिल्या दोन वेळेला शहर बुडालं. तिसऱ्यांदा बंदराकडून गुजरातला जाणाऱ्या ट्रकांना खाडीच्या कडेने वेगळा उन्नत रस्ता दिला, सेवा रस्ता परत वेगळा काढला, मध्ये येणारी तीन संकुलं पाडली, डोंगराखालून बोरिवलीला बोगदा मारला (खऱ्या बोगद्याचं भूमिपूजन २०२४ च्या जुलैत झालं, माझा चार सेकंदांत झाला). वाहतुकीचा प्रवाह ८७ टक्के! बायकोला उठवून दाखवला. ती म्हणाली, "मग निवडणुकीला उभा राहायचं होतंस."

खोटं कशाला बोलू, १५ जानेवारीला महापालिकेच्या मतदानात केंद्रावर चार वेळा (प्रभागाला चार नगरसेवक) बटण दाबताना माझ्याही मनात तेच होतं. या सगळ्यांपेक्षा मला जास्त कळतं.

प्रश्न असा: असले गेम खेळून माणसाला शहर आणि राजकारण खरंच थोडंफार कळतं, की नुसता माज येतो?

नौपाडा_नाना, ९.२६

माज येतो. पुढचा प्रश्न.

बाकी तीन हात नाक्याच्या पलीकडे जे आहे त्याला आम्ही ठाणे म्हणत नाही, ठाणे जिल्हा म्हणतो. तिथे घर घेताना विचार करायचा होता. हलकेच घ्या.

कासारवडवलीकर, ९.३१

नाना, तुमच्या गोखले रोडला गाडी लावायला जागा मिळाली की पेढे वाटता तुम्ही. आम्ही निदान अडकतो तरी स्वतःच्या गाडीत बसून.

(कापूरबावडी आलं. सिग्नल आहे.)

तिरपी_रेघ, ९.३३

"स्वतःच्या गाडीत बसून" असं बसमध्ये उभं राहून टाइप केलं आहे, याची नोंद घ्यावी.

पाम_बीच, ९.५८

आमच्याकडे या बाबा. तुम्ही जे गेममध्ये केलंत ते आमच्याकडे खरोखर झालंय. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवा म्हणून मांडणी केली, १९७० च्या मार्चमध्ये त्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि कोऱ्या कागदावर आखून शहर काढलं. सेक्टर, नोड (म्हणजे छोटी उपनगरं), प्रत्येक नोडला स्टेशन, स्टेशनवर ऑफिसं. मी नेरुळहून बेलापूरला ऑफिसला जातो, दारातून दारात २२ मिनिटं. संध्याकाळी फ्लेमिंगो बघतो.

ठाणेकर मित्रांना आमच्याकडे आणलं की ते पहिलं वाक्य हेच बोलतात: "रस्ते केवढे मोठे आहेत रे."

नौपाडा_नाना, १०.०४

आणि दुसरं वाक्य: "इथे माणसं कुठायत?"

एफ_पाच, ११.१५

धागाकर्त्या, तुझा ८७ टक्के खोटा आहे. वाईट वाटून घेऊ नकोस, सगळ्यांचाच असतो.

स्कायलाइन्समध्ये गाडी फार वेळ एका जागी अडकली की गेम ती गुपचूप गायब करतो. नाहीतर सगळं शहर बंद पडेल. म्हणजे तुझ्या कापूरबावडीला रांग लागते, पण रांगेतली माणसं कंटाळून हवेत विरघळतात. वाहतुकीचा मॉड (खेळणाऱ्यांनीच बनवलेली, गेम बदलणारी जोडणी) टाक, गाड्या गायब होणं बंद कर, आणि मग आकडा सांग.

दुसरं, पार्किंग. त्या गेममधली माणसं गाडीतून उतरली की गाडी खिशात घालतात. विनोद नाही. जागा नसली की गाडी नाहीशी होते आणि परत निघताना खिशातून बाहेर येते. २०१३ च्या सिमसिटीचा मुख्य डिझायनर स्टोन लिब्रांड याने तर मुलाखतीत सरळ सांगितलं होतं की खऱ्या शहरात जेवढं पार्किंग लागतं तेवढं दाखवलं असतं तर गेममध्ये दुसरं काही दिसलंच नसतं. म्हणून ते जमिनीखाली आहे असं धरून चालायचं.

मी राम मारुती रोडला राहतो. माझ्या स्वप्नातसुद्धा गाडी खिशात जात नाही.

अवांतर: हा प्रकारच कसा जन्मला ते भारी आहे. विल राइट १९८४ साली बॉम्बफेकीचा एक गेम बनवत होता. त्यातली बेटं, रस्ते, कारखाने काढायला त्याने एक साधन केलं, आणि त्याला बॉम्ब टाकण्यापेक्षा ते काढत बसायलाच मजा यायला लागली. त्यातून १९८९ ला सिमसिटी आला. म्हणजे मुळात पाडायला बांधलेलं शहर आहे हे.

कोपरीची_काकू, ११.४०

मी कँडी क्रश खेळते, मला यातलं काही कळत नाही. पण एक विचारते, एवढ्या रात्री जागून तुम्ही रस्ते करता तर त्यात गटाराची झाकणं असतात का?

आमच्या गल्लीत एक झाकण दहा महिने नव्हतं. आधी त्यावर लाकडी फळी, मग फळी मोडली म्हणून सोफ्याची उशी, मग पावसाळ्यात बांबूला लाल रुमाल. त्या रुमालाचा रंग उडून गुलाबी झाला. एका पोराने डिसेंबरात उभं राहून झाकण बसवून घेतलं. मी चारपैकी एक मत त्याला दिलं. पक्ष विचारू नका, संपादक ओरडतील. उरलेली तीन कोणाला दिली ते मला खरंच आठवत नाही.

तिरपी_रेघ, ११.४४

काकूंच्या प्रतिसादाला +१. गेममध्ये झाकणं नाहीत, काकू. गटार एकदा टाकलं की आयुष्यभर वाहतं. त्याला कल्पनारम्य साहित्य म्हणतात.

पाम_बीच, ११.५२

ही चार मतांची पद्धत मला पटलेली नाही. ठाण्यात ३३ प्रभागांत १३१ नगरसेवक, आमच्याकडे २८ प्रभागांत १११. झाकणासाठी नक्की कोणाला फोन करायचा? चौघंही म्हणणार, तो भाग दुसऱ्याकडे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर निकालानंतर एकाने प्रश्न टाकला: आपल्या चारही नगरसेवकांची नावं गुगल न करता सांगा. ६४ घरं, बरोबर उत्तर शून्य.

कळवा_लोकल, १२.२०

याउलट मला बरं वाटतं. एकाने उचलला नाही तर दुसऱ्याला फोन. आमच्याकडे चौघांत स्पर्धा आहे, पाण्याचा टँकर आला की दोघांचे फोटो येतात.

संपादक, १२.२५

कोणता पक्ष, कोणाचा फोटो याची चर्चा इथे नको. विधिमंडळात मोबाइलवर पत्ते कोण खेळत होतं हा विषयही नको. दोन धागे त्यातच वाहून गेलेत.

तिरपी_रेघ, १२.२६

आम्ही विषय काढलाच नव्हता! तुम्हीच काढलात!

निवृत्त_कारकून, दुपारी ३.०५

एका महापालिकेत ३१ वर्षं बांधकाम विभागात काढली. कोणती ते सांगत नाही, पेन्शन चालू आहे.

धागाकर्त्यांनी म्हटलं की बोगदा चार सेकंदांत झाला. मी एका खांबाची गोष्ट सांगतो. रस्ता रुंद झाला. कागदोपत्री १८ मीटर. पण विजेचा एक खांब जुन्या रस्त्याच्या कडेला होता तो आता नव्या रस्त्याच्या बरोबर मधोमध आला. खांब हलवायचे पैसे कोणी भरायचे? आम्ही म्हणालो खांब तुमचा. ते म्हणाले रस्ता तुमचा. पत्र गेलं, उत्तर आलं, अंदाजपत्रक आलं, त्यात जीएसटी चुकला, परत गेलं. मधल्या काळात डांबर पडलं. खांबाभोवती गोल सोडून पडलं. कोणीतरी त्याला पिवळे-काळे पट्टे मारले, नंतर नवरात्रात त्याला तोरण लागलं. चौदा महिने. शेवटी एका डंपरने तो खांब हलवला. फाइल मात्र त्यानंतर चार महिन्यांनी बंद झाली, कारण खांब हलवल्याचा खर्च कोणत्या लेखाशीर्षात दाखवायचा हे ठरेना. खर्च झालाच नव्हता ना.

आता मूळ प्रश्न. मुलगा हा गेम खेळतो, मी शेजारी बसून पाहिलाय. तुम्हाला वाटतं त्यात तुम्ही महापौर असता. नाही. तुम्ही प्रशासक असता. सभागृह नाही, स्थायी समिती नाही, लक्षवेधी नाही, वृक्ष प्राधिकरण नाही. सकाळी मनात आलं, दुपारी झालं. आणि मुख्य म्हणजे निवडणूक नाही. ठाण्याची आधीची निवडणूक २०१७ च्या फेब्रुवारीत झाली, मुदत मार्च २०२२ ला संपली. नवी मुंबईची तर २०१५ ची निवडणूक, मे २०२० ला मुदत संपली. त्यानंतर मतदान थेट २०२६ च्या जानेवारीत. तेवढी वर्षं दोन्ही शहरं तुमचा तो गेमच खेळत होती. मग सांगा, त्या काळात घोडबंदर मोकळा झाला का?

कासारवडवलीकर, ३.१८

साहेब, हे "तुम्ही प्रशासक असता" डोक्यातच आलं नव्हतं. जागेवर गप्प बसलोय.

एफ_पाच, ३.४०

कारकूनसाहेब, अगदी. पहिल्या सिमसिटीत निदान लोक महापौरावर खूश आहेत का ते सांगणारी खिडकी तरी होती. स्कायलाइन्समध्ये एक निळा पक्षी आहे, तो लोकांच्या तक्रारी चिवचिवत बसतो. लोकांनी पहिलं काय केलं असेल? पक्ष्याचं तोंड बंद करणारा मॉड बनवला.

नौपाडा_नाना, ३.४३

आमच्या वॉर्डाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "ओन्ली अ‍ॅडमिन कॅन सेंड मेसेजेस" आहे. मॉड पोहोचलाय ठाण्यात.

ऐरोलीची_आई, संध्याकाळी ६.५०

मला वेगळंच बोलायचंय. तुम्ही चाळिशीतले बाप्ये रात्रभर गेम खेळता ते "शहर समजून घेणं", आणि माझा तेरा वर्षांचा पोरगा बीजीएमआय (मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम) खेळला की "वाया गेला"?

मी रोज ओरडते, जा खाली खेळ. परवा त्याने मला हाताला धरून खाली नेलं आणि फिरवलं. पोडियमवर बोर्ड: चेंडूने खेळू नये. बागेत बोर्ड: ज्येष्ठ नागरिकांसाठी, सायकल आणू नये. मागच्या मोकळ्या प्लॉटवर पत्रे. समोर मैदान आहे, तिथे सत्संगाचा मांडव, त्याआधी लग्न, त्याआधी महोत्सव. टर्फ आहे, तासाचे बाराशे रुपये. म्हणाला, "आई, दहा जणांत एकशेवीस. रोज देशील?"

मी वर आले आणि वायफाय चालू करून दिलं.

२०२० च्या सप्टेंबरात पबजीवर बंदी आली तेव्हा मी खूश झाले होते. पुढच्या वर्षी तोच बीजीएमआय नावाने आला. २०२२ ला तोही काढला, २०२३ ला परत आला. सरकारला पोरांच्या मोबाइलवर काय आहे ते दिसतं, मैदानावर काय आहे ते दिसत नाही. हे माझं राजकारण. पक्ष नाही यात, संपादक.

कळवा_लोकल, ७.१५

ताई, अगदी बरोबर. फक्त एक भर. पबजी, बीजीएमआय परवडले. माझा मावसभाऊ टीम लावायच्या आणि पत्ते खेळायच्या अ‍ॅपमध्ये अडकला. आधी ४९ रुपये, मग ४९९. ट्रान्स हार्बरला ठाण्याहून चढायचा, रबाळ्याला उतरायचा, तेवढ्या पंधरा-वीस मिनिटांत दोन डाव. लग्नासाठी ठेवलेली एफडी मोडली तेव्हा घरात कळलं. मावशीने त्याचा स्मार्टफोन बंद करून बटणांचा दिला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. अनेक जण म्हणाले घाई केली, चर्चा झाली नाही. असेल. आमच्या मावशीने त्या दिवशी शिरा केला.

पाम_बीच, ७.३०

मला हा कायदा पटत नाही. मोठ्या माणसाने स्वतःच्या पैशाचं काय करावं हे सरकार कोण सांगणार? त्याआधी २०२३ च्या ऑक्टोबरपासून त्यावर २८ टक्के जीएसटी घेत होतंच की. तोपर्यंत चालत होतं?

कळवा_लोकल, ७.३४

दादा, तुमचा मुद्दा कागदावर बरोबर आहे. मावशीकडे येऊन मांडा. पत्ता देतो.

मिसळ_मध्यम, ७.५०

एवढी चर्चा झाली आणि अजून कोणी मामलेदार मिसळीचा विषय काढला नाही, हा खरा ठाणेकरांचा धागा आहे की नाही?

नौपाडा_नाना, ७.५१

मध्यम खाणाऱ्याने मामलेदारचं नाव घेऊ नये.

मिसळ_मध्यम, ७.५३

नाना, वयाचा मान राखून सांगतो, तुम्ही ताक घेऊन तिखट खाता हे मी पाहिलंय.

सेक्टर_नऊ, रात्री ९.२०

एफ_पाच यांना एक विचारायचं होतं. माझा नातू हाच गेम खेळतो. परवा तो ओरडला, "आजोबा, माझ्या शहरात लोक पटापट मरतायत, शववाहिन्या पुरत नाहीत." आजार नाही, काही नाही. असं का होतं?

एफ_पाच, ९.३१

काका, याला गेमवाले मृत्यूची लाट म्हणतात. एकदम मोठी वसाहत बांधली की सगळी माणसं एकाच वेळी राहायला येतात, साधारण एकाच वयाची. मग ती एकदमच म्हातारी होतात आणि एकदमच जातात. उपाय म्हणजे वसाहत थोडी थोडी वाढवायची.

सेक्टर_नऊ, १०.०२

असं होय.

मी वाशीला १९८४ मध्ये आलो. सेक्टर नऊची जेएन टाईपची घरं. आम्ही सगळे तिशीतले, बँकेतले, पोस्टातले, टेलिफोनमधले. सगळ्यांची मुलं एकाच शाळेच्या बसला, सगळ्यांची मुंज त्याच दोन-तीन वर्षांत. तेव्हा हार्बरची गाडी मानखुर्दलाच संपायची, वाशीला १९९२ मध्ये आली. तोपर्यंत आम्ही सगळे बसच्या एकाच रांगेत उभे असायचो. कोणाला उशीर झाला तर बाकीचे कंडक्टरला थांबवून ठेवायचे.

गेल्या सव्वा वर्षात आमच्या विंगेतल्या सोळा घरांतले पाच जण गेले. जिन्याखाली पांढरी फुलांची पाटी सुकायच्या आत दुसरी. मुलं पुण्याला नाहीतर परदेशात. परवा वरच्या मजल्यावरचे गेले तेव्हा खांदा द्यायला चौघं जमेनात, मग वॉचमन आणि इस्त्रीवाला आले. मी त्या गेममध्ये आहे हे मला नातवामुळे कळलं.

थोडी थोडी वाढवायची, हे आम्हाला वाटप करताना कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. असो. सध्या पुनर्विकासाच्या मीटिंगा चालू आहेत. लिफ्ट येईल म्हणतात.

कोपरीची_काकू, १०.२०

काका, कधी ठाण्याला आलात तर या. कोपरी स्टेशनच्या जवळ आहे, जिना नाही.

गोठिवलीकर, मंगळवार सकाळी ७.४५

रात्री सगळा धागा वाचला. एक सांगतो, राग मानू नका.

वर सुरुवातीलाच "रिकामी जमीन मिळते" असं लिहिलंय. पाम_बीच यांनी तर लिहिलंय, कोऱ्या कागदावर शहर काढलं. कागद कोरा नव्हता ओ. ९५ गावं होती त्याच्यावर. माझं त्यातलंच.

आमची शेती खाडीकडेला, बांधाच्या आत. माझा आजा भरतीच्या रात्री कंदील घेऊन उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) बघायला जायचा. ती नीट लागली नाही तर खारं पाणी आत येणार आणि पुढची तीन वर्षं भात विसरायचा. मोठ्या पाण्याला जिताडा मासा मिळायचा, तो आजी आधी देवाला दाखवायची, मग कापायची. बापूस सांगतो, मोजणीवाले पहिल्यांदा आले तेव्हा आजाने त्यांना ताक पाजलं. त्याला वाटलं, गावात रस्ता येतोय. मोजणीची साखळी धरायला पण हाच गेला, एका टोकाला त्यांचा माणूस आणि दुसऱ्या टोकाला आजा. स्वतःची जमीन स्वतःच मोजून दिली म्हणायची.

१९८४ च्या जानेवारीत जमिनीसाठीच्या आंदोलनात जासई आणि नवघरला गोळीबार झाला. पाच शेतकरी गेले. आमचे नेते दि. बा. पाटील पुढे उभे होते. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणारे साडेबारा टक्के भूखंड त्या आंदोलनातून आले, कोणी दिले म्हणून नाही आले. विमानतळाला त्यांचं नाव देण्यावरून तुमच्या टीव्हीवर भांडणं होतात तेव्हा तुम्ही चॅनल बदलता. आमच्याकडे ते नाव भिंतीवरच्या फोटोत असतं.

त्या शहरात मीही राहतो, मलाही ते रस्ते आवडतात, माझी मुलगी त्याच मोठ्या रस्त्यावर स्कूटी शिकली. तक्रार नाही करत. फक्त विचारतो, त्या गेममध्ये बुलडोझरचं बटण दाबल्यावर आवाज येतो का?

एफ_पाच, ८.३०

येतो. घर कोसळल्याचा. आणि आपण नुकताच टाकलेला रस्ता पाडला तर काही पैसेही परत मिळतात.

पाम_बीच, ९.०५

गोठिवलीकर, "कोरा कागद" मागे घेतो. पंचवीस वर्षं नेरुळला राहतोय, आणि जिताडा फक्त हॉटेलच्या मेन्यूवर बघितलाय.

आणि "आखलेलं शहर" म्हणून मी जी शेखी मिरवली त्यातही भर घालतो. मूळ विचार असा होता की सरकारी कचेऱ्या, मंत्रालयसुद्धा इकडे येईल, आणि मग मुंबईची गर्दी इकडे सरकेल. मंत्रालय हललं नाही. आम्ही रोज तिकडे जात राहिलो. गेममध्ये ऑफिसचा पट्टा रंगवला की ऑफिस येतं. खऱ्या मंत्र्यांना समुद्र सोडवत नाही.

निवृत्त_कारकून, ९.४०

मोजणीची साखळी धरायला मालकालाच लावायचे, हे खरं आहे. मीही पाहिलंय. आम्हाला तेव्हा ते सोयीचं वाटायचं. मजूर कमी लागायचा.

तिरपी_रेघ, ९.५५

मी विनोद करायला आलो होतो. राहू दे.

ऐरोलीची_आई, १०.१०

करा हो. माझ्या पोराला हा धागा वाचून दाखवला. तो म्हणाला, "आई, हे सगळे रँक काय आहेत?"

कासारवडवलीकर, शनिवार रात्री १२.३५

उशीर झाला, पण चार रात्री प्रयोग करत होतो. बायको म्हणते, आता गिरणीतून पीठ तरी आण.

एफ_पाचच्या सांगण्यावरून आधी गाड्या गायब होणं बंद केलं. माझा तोच शहाणा घोडबंदर, तोच उन्नत रस्ता. ८७ चा प्रवाह तासाभरात ४१ वर आला. रांग घाटातून मागे मागे जात नकाशाच्या बाहेर गेली. मी काही सोडवलंच नव्हतं, गेम माझी लाज राखत होता.

मग नकाशा नव्याने काढला. शहर सुरू करायच्या आधी खाडीकडे एक गाव वसवलं. चाळीस घरं, वाकड्या गल्ल्या, मधे एक तळं, तळ्याच्या काठाला देऊळ (देवळाचं मॉडेल कोणीतरी करून ठेवलेलं सापडलं). आणि नियम केला, बुलडोझरला हात लावायचा नाही. झाड तोडायचं असेल तर तीन खेळाचे महिने थांबायचं, हे कारकूनसाहेबांसाठी. विजेचा एक खांब रस्त्याच्या मधे मुद्दाम ठेवलाय.

दोनदा दिवाळं निघालं. कर ९ टक्क्यांवरून १३ वर नेला तर लोक सामान बांधून निघाले. (खऱ्या ठाण्यात कर वाढवला तर आम्ही जाणार कुठे, बदलापूरला?) उन्नत रस्ता गावाला वळसा घालून न्यावा लागला, त्याला असा कुबड आलाय की बघून रोज गोखले रोडची आठवण येते. तिसऱ्यांदा जेमतेम तग धरला. सध्या प्रवाह ५८ टक्के, फोटो जोडलाय. बायकोला उठवलं नाही.

मुलीला मेट्रो दाखवली. पत्रे लागले तेव्हा ती बालवाडीत होती, आता सातवीत आहे. तिने विचारलं, "यात मेट्रो लगेच चालू झाली?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मग हा आपला नाही."

माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर नानांनी पहिल्याच प्रतिसादात दिलं होतं.

नौपाडा_नाना, १२.४०

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. सोमवारी मामलेदार. तिखट. ताक तुझ्याकडून.

गोठिवलीकर, रविवार सकाळी ८.१०

फोटो बघितला. तळं बरोबर जागेवर आहे. देऊळ तळ्याच्या या बाजूला घ्या, तोंड खाडीकडे हवं.

आणि चैत्रात पालखी निघते तेव्हा रस्ता रात्रभर बंद ठेवावा लागतो. ते जमेल का तुमच्यात?

कासारवडवलीकर, ८.२५

रस्ता एका रात्रीपुरता बंद करायचं बटणच नाहीये दादा यात.

एफ_पाच, ८.२६

थांब, मॉड शोधतो.